आमची वाटचाल : कागदापासून मशीनकडे

बिलाचा प्रिंटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं. आम्ही आधी विचारतो, छापलेला कागद पुढं कुठं जाणार? खिशात, फायलीत, फ्रिजमध्ये की भट्टीजवळ? उत्तर मिळालं की निम्मी निवड झालेली असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात इतकी वर्षं मशीन विकून आणि दुरुस्त करून आमच्या हाती ही एक गोष्ट पक्की लागली आहे.

बाबांनी सुरुवात केली ती टाइपरायटर आणि कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीनं. मग डॉट मॅट्रिक्स, म्हणजे रिबनवर पिना मारून छापणारे प्रिंटर आले. पतसंस्था, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, अडत दुकानं जोडली गेली. रिबन भरायची, हेडच्या पिना बदलायच्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं संकेश्वरला नाहीतर निपाणीला मशीन परत पाठवायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि तोवर वहीवर बिल फाडणारे दुकानदार कॉम्प्युटरच्या बिलाकडे वळले. बेळगावातला खडे बाजार, गणपत गल्ली, शहापूर, सगळीकडून एकच मागणी : छोटं, आवाज न करणारं, शाई न लागणारं मशीन द्या. ते मशीन म्हणजे थर्मल, उष्णतेनं छापणारा प्रिंटर. त्याचं काम आम्ही तेव्हापासून मन लावून शिकलो.

या मशीनमध्ये शाई नसते, कारण रंग कागदातच असतो. कागदावरच्या थरात रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं आम्लधर्मी रसायन असतं. हेडवरचे बारीक ठिपके तापतात, थर तेवढ्यापुरता वितळतो, दोन्ही एकत्र येतात आणि तिथं काळं उमटतं. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) हेडवर एका मिलिमीटरला असे ८ ठिपके असतात, ३०० डीपीआयवर जवळपास १२. कागदाची कोणती बाजू छापायची ते बघायचं तर नखानं जोरात ओढा. काळी रेघ उठली ती बाजू हेडकडे.

उष्णतेनं उमटलेलं उष्णतेनं बिघडतंही. गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवलेलं बिल काळं पडतं किंवा उडून जातं. तेल, तूप, घाम आणि मऊ प्लास्टिकचं पाकीट हे याचे मोठे वैरी. एका वजनकाट्यावर ऊसवाल्यांना थर्मल पावत्या मिळत होत्या. एका शेतकरी काकांनी पावती नीट राहावी म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली होती. बिल निघायच्या वेळी ती घेऊन ते काट्यावर आले, तेव्हा आम्ही तिथंच कामाला होतो. ‘हे काय ओ, वजन कुठं गेलं?’ म्हणून त्यांनी ती आमच्यापुढं धरली. कागद पांढरा होता, उजेडात तिरका धरल्यावर एखादा आकडा जाणवत होता, एवढंच. ज्या कागदावर माणसाच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब आहे तो महिनोन्‌महिने टिकलाच पाहिजे. म्हणून ऊसकाट्यासाठी कुणी थर्मल मागितला तरी आम्ही आजही डॉट मॅट्रिक्सच सुचवतो. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीला, म्हणजे मालाच्या पावतीलाही तोच, कारण तीन प्रती एका दाबात निघायला पिनांचा मार लागतो. थर्मलवर कार्बन चालत नाही.

दूध संकलन केंद्राचं गणित वेगळं. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि लिटरची चिठ्ठी पुढच्या बिलापर्यंत टिकली की पुरे. तिथं बॅटरीवर चालणारा, ५८ मिमी रुंद कागदाचा ब्लूटूथ प्रिंटर उत्तम, खानापूरच्या पावसात लाईट गेली तरी रांग अडत नाही. मात्र रोल डब्यात झाकून ठेवा. दमट कागद सरकताना अडतो.

दुकानाच्या काउंटरसाठी ५८ की ८० मिमी, हा रोजचा प्रश्न. ५८ च्या रोलवर साध्या अक्षरात एका ओळीत ३२ अक्षरं बसतात, ८० वर ४८. चहाच्या टोकनला ३२ भरपूर. कापडाच्या दुकानात मालाचं नाव, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), नग, दर, रक्कम, खाली सीजीएसटी आणि एसजीएसटी, एवढं ३२ मध्ये कोंबलं की प्रत्येक नगाला दोन ओळी जातात आणि बिल लांबत जातं. शिवाय इथल्या व्यापाऱ्याचा माल चंदगडला, कागलला, गोव्याला जातो, म्हणजे कर्नाटकाबाहेर, तेव्हा आयजीएसटीची बिलंही आलीच. त्याला आम्ही सरळ ८० मिमी आणि ऑटो कटर सांगतो.

आता ज्या कामाचा आम्हाला मनापासून अभिमान आहे ते सांगतो. आमच्या गिऱ्हाइकांना बिल मराठीत हवं असतं, अनेकांना मराठी आणि कन्नड दोन्हीत. आणि बहुतेक थर्मल प्रिंटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं तयार असतात, देवनागरी आणि कन्नड नसतात. सॉफ्टवेअरनं मजकूर तसाच पाठवला की प्रश्नचिन्हं नाहीतर भलतीच चिन्हं छापून येतात. यावर उपाय म्हणजे सगळी ओळ चित्र करून पाठवणं. तेव्हा ५८ च्या मशीनवर रुंदीला ३८४ ठिपके मिळतात, ८० वर ५७६, आणि त्यात काना, मात्रा, रफार, जोडाक्षर सगळं बसवायचं. अक्षर बारीक घेतलं तर अनुस्वार गायब होतो, बेळगावच्या ‘कुंदा’ मिठाईचा ‘कुदा’ होतो. आम्ही जाड वळणाचा फॉन्ट निवडतो, आकार थोडा वाढवतो, हेडची उष्णता एक पायरी कमी करतो म्हणजे ‘ष्ट’सारख्या जोडाक्षराचं पोट भरून काळा डाग होत नाही. चित्राचा डेटा जास्त असल्यामुळं ब्लूटूथवर ओळी अडखळत निघतात. गर्दीच्या काउंटरला यूएसबी किंवा लॅनच बरं. एखाद्या आजींनी बिल हातात घेऊन स्वतः वाचलं, की आम्हाला मशीन विकल्यापेक्षा जास्त समाधान मिळतं.

लेबलचं काम नंतर आलं. कुंद्याच्या डब्यावर वजन, तारीख, एमआरपी, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर लागतो. तुपाचा हात साध्या थर्मल लेबलला लागला की छपाई पुसट होते. म्हणून तिथं रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर. यात हेड रिबन तापवतं आणि रिबनवरचा रंग लेबलवर चिकटतो. कागदी लेबलला वॅक्स (मेणाची) रिबन चालते, हाताळणी जास्त असेल तर वॅक्स-रेझिन (मेण आणि राळ मिसळलेली). उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत कास्टिंगवर लावायचं लेबल तेल, घासणी, ऊन सगळं सोसणार, तिथं पॉलिस्टरचं लेबल आणि रेझिन रिबन, त्यात तडजोड नको. सराफांचे शेपटीवाले टॅग इवलेसे, त्यावरचा बारकोड वाचला जायला हवा, म्हणून ३०० डीपीआय. ऑनलाइन माल पाठवणाऱ्याचं कुरिअर लेबल मात्र चार-आठ दिवसांचं पाहुणं, त्याला साधा डायरेक्ट थर्मल पुरतो, रिबनचा खर्च कशाला?

रोल घेताना वजनावर किंवा जाडीवर जाऊ नका, मीटर विचारा. मधलं नळकांडं जाड असलं की बाहेरून रोल तेवढाच दिसतो आणि कागद कमी भरतो. खरखरीत कागद हेड घासतो, आणि अख्ख्या मशीनमध्ये महाग भाग हेडच. छपाईत उभी पांढरी रेघ आली तर आधी मशीन बंद करून, हेड गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसानं हलकं पुसा. निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं. रेघ राहिलीच तर तो ठिपका गेला समजायचं.

व्यापाऱ्यांना अजून एक सांगणं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात. थर्मलवर आलेलं खरेदीचं बिल तेवढं टिकेल या भरवशावर राहू नका, आलं त्याच दिवशी झेरॉक्स किंवा स्कॅन करून घ्या.

आज दुकानात एका बाजूला थर्मल आणि लेबल प्रिंटर, दुसऱ्या बाजूला बाबांच्या हातचे डॉट मॅट्रिक्स, दोन्हीची दुरुस्ती चालते. नवं मशीन घ्यायला याल तेव्हा सध्याच्या बिलाचा एक नमुना, दिवसाला साधारण किती बिलं निघतात तो आकडा आणि बिलिंग सॉफ्टवेअरचं नाव घेऊन या. मराठी किंवा कन्नड छपाई हवी असेल तर तुमच्याच मालाची नावं टाकून इथंच छापून बघू, मग पैसे द्या.