आक्कांची गोळी आणि आक्कांचा मणका

आक्कांना स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकीकडे एक कारण तयार होतं. एक म्हणाली, ब्लाउजमध्ये मोबाइल ठेवतात म्हणून. दुसरीने काळ्या ब्रेसियरवर ठपका ठेवला. कुणी ब्रॉयलर कोंबडीचं नाव घेतलं, कुणी सोयाबीनच्या वड्यांचं. आमची द्राक्षाची बाग आहे, त्यामुळे शेवटी बोट बागेकडे वळायचंच. "इतकी औषधं मारता, मग दुसरं काय होणार?"

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. बाग निफाड तालुक्यात आहे. मी नाशिकला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीला गावी जाते. आक्कांची फाइल पहिल्यापासून माझ्याकडे आहे आणि प्रत्येक तपासणीला मी त्यांच्या सोबत असते. या काळात जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं, ते माझ्या ओळखीच्या बायकांना माहीत असायला हवं असं फार वाटतं, म्हणून लिहायला बसले.

मोबाइल आणि ब्रेसियरचा विषय एका वाक्यात संपतो. दोन्हींमुळे स्तनाचा कॅन्सर होतो याला पुरावा नाही. सोयाबीनचं तर उलटंच आहे. शांघायमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या पाच हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. जेवणात सोया जास्त असणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. तरीही आमच्याकडे आक्कांच्या ताटातून सोयाबीनच्या वड्या काढून टाकल्या गेल्या, आणि ज्या बाईला त्या वेळी प्रथिनांची सगळ्यात जास्त गरज होती ती वरणाच्या पाण्यावर राहिली. याचा मला अजून राग येतो.

खरी गोष्ट रिपोर्टच्या एका ओळीत होती : ईआर पॉझिटिव्ह. म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकावर पोसली जाणारी. ऑपरेशन, केमो, रेडिएशन झाल्यावर लेट्रोझोलची रोज एक गोळी सुरू झाली. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन येणं थांबतं, पण अंगातल्या चरबीत अ‍ॅरोमॅटेज नावाचं विकर असतं, ते थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. लेट्रोझोल त्या विकरालाच अडवते. गाठीची उपासमार होते, ती परत येण्याची शक्यता कमी होते. फार उपयोगाची गोळी आहे.

पण हाडंसुद्धा त्याच इस्ट्रोजेनवर टिकून असतात. हे आम्हाला सुरुवातीला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी आक्का बेदाण्याचं पोतं सरकवायला वाकल्या आणि पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. लचक भरली समजून घरच्यांनी तेल चोळलं, शेक दिला. दुखणं हटेना तेव्हा एक्स-रे काढला, तर एक मणका दबलेला. मग डेक्सा तपासणी झाली, हाडांची घनता मोजणारी. त्यात टी-स्कोर येतो. तो उणे २.५ किंवा त्याखाली असला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेली ही रेषा आहे, आणि आक्का तिच्या बऱ्याच खाली होत्या.

या जातीच्या गोळ्यांमुळे हाडं मोडतात हे जुनं ज्ञान आहे. नऊ हजारांहून जास्त बायकांवरच्या एका चाचणीचे आकडे २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्यांपैकी ११ टक्के बायकांची हाडं मोडली, टॅमॉक्सिफेन ही वेगळ्या जातीची गोळी घेणाऱ्यांपैकी ७.७ टक्के. म्हणून गोळी सोडायची नसते, हाडांकडे पहिल्या दिवसापासून बघायचं असतं.

तिथून पुढे मी जे जे वाचलं त्यात स्तन आणि हाडं ही जोडी पुन्हा पुन्हा भेटत राहिली. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या बायकांचा १९९७ सालचा अभ्यास आहे. ज्यांची हाडं सगळ्यात दाट, त्यांना म्हातारपणी स्तनाचा कॅन्सर जास्त झाला. दाट हाड वाईट असतं म्हणून नव्हे. आयुष्यभर अंगात इस्ट्रोजेन भरपूर राहिल्याची ती खूण असावी. अमेरिकेतलीच २००२ सालची दुसरी चाचणी, सोळा हजारांवर बायकांची. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरकं एकत्र दिलेल्या बायकांची खुब्याची हाडं कमी मोडली, पण स्तनाचा कॅन्सर वाढला. आपण मात्र स्तनासाठी एका डॉक्टरकडे जातो, हाडांसाठी दुसऱ्याकडे, आणि एकाची फाइल दुसऱ्याला दाखवत नाही.

आता पिशवीबद्दल. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आमच्या गल्लीतच पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या कितीतरी बायका आहेत. पांढरं जातं, काढा पिशवी. अंगावरून जास्त जातं, काढा पिशवी. दोन मुलं झाली, आता तिचं काय काम, काढा. दाढ काढून यावं इतक्या सहज हे ऑपरेशन होतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांची राज्य सरकारला चौकशी करावी लागली, तेव्हा आपल्याकडे पेपरात चार दिवस चर्चा झाली. पण हा प्रश्न बीडपुरता कधीच नव्हता. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर त्या दिवशी त्या बाईची पाळी नुसती थांबत नाही, तिच्या हाडांचा आधारही निघून जातो. एरवी जी झीज पन्नाशीत सुरू व्हायची ती छत्तिसाव्या वर्षी सुरू होते. अशा बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी होतो, हेही खरं. पुन्हा तेच संप्रेरक, तीच देवाणघेवाण. पण ही देवाणघेवाण तिला कुणी समजावून सांगितलेली नसते. मी बायकांना विचारते, "अंडाशय ठेवलं का काढलं?" दहातल्या बहुतेकींना माहीत नसतं. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं. कार्ड शोधा आणि वाचून घ्या.

मग बागेतल्या औषधांचं काय? मी बागाइतदाराच्या घरातली आहे म्हणून त्यांची बाजू घेणार नाही, आणि उगाच घाबरवणारही नाही. सगळ्यात स्पष्ट पुरावा आहे तो डीडीटीचा. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड भागात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर बायकांच्या रक्ताचे नमुने साठवून ठेवले होते. अनेक वर्षांनी ते तपासले. ज्यांच्या रक्तात डीडीटी जास्त होतं आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध वयाच्या चौदा वर्षांच्या आत आला होता, त्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण पाचपट निघालं. हा निष्कर्ष २००७ चा. पुढे २०१५ मध्ये त्यांच्या मुलींचे आकडे आले. आईच्या पोटात असताना ज्यांना डीडीटी जास्त मिळालं त्यांना धोका जवळपास चौपट. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ ला बंद झालं, मलेरियाच्या फवारणीत ते पुढेही राहिलं. भिंतीवर मारलेल्या त्या पांढऱ्या थराला टेकून आम्ही अभ्यास केलेला आहे.

या अभ्यासातून मला वयाची गोष्ट समजली. हिरोशिमाच्या किरणोत्सर्गातही हेच दिसलं होतं : ज्या मुली त्या वेळी लहान होत्या त्यांच्या स्तनांना पुढे सगळ्यात जास्त धोका. स्तन घडत असतो तेव्हा तो सगळ्यात नाजूक असतो. आणि हाडंही त्याच वर्षांत घडतात. आयुष्यभराच्या हाडाचा बहुतेक साठा अठरा-वीस वर्षांपर्यंत भरून झालेला असतो. माझ्यासमोर बाकावर बसतात त्या आठवी ते दहावीच्या मुली नेमक्या याच वयाच्या.

आजच्या द्राक्षाच्या औषधांबद्दल स्तनाच्या कॅन्सरपुरता इतका पक्का पुरावा नाही. घडांना जी.ए.मध्ये (जिबरेलिक आम्लात) बुडवतात त्याला लोक 'हार्मोन' म्हणून भितात, पण ते वनस्पतीचं संप्रेरक आहे, इस्ट्रोजेन नव्हे. तरीही गोडी छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना ते फुटावेत म्हणून डॉर्मेक्स या औषधाचं पेस्टिंग होतं तेव्हा ते अंगावर पडलं तर कातडी भाजते, हे आम्ही बघितलंय. पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात, त्यात बाया असतात, त्यांच्या पोरी असतात. आमच्याकडे आता हातमोजे दिल्याशिवाय काम सुरू होत नाही, चौदा-पंधराच्या मुलीला औषधाच्या कामाला लावत नाही, आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवत नाही. ते कपडे धुणारी बाईच असते, आणि फवारणी करणाऱ्याच्या काळजीत तिचा विचार कुणी करत नाही.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. कडक प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागू शकतं. युरोपात २०११ पासून बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत ते चालत नाही. त्याने बायकांना कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण गरम भाजी प्लास्टिकच्या डब्यात भरायची नाही, बागेत चहा कॅरीबॅगमध्ये न नेता किटलीत न्यायचा, एवढं करायला खर्च येत नाही. मी करते.

हाडांच्या खाण्याचं बोलायचं तर ज्या टोळ्या आमच्याकडे कामाला येतात त्यांच्या फडक्यात जे असतं ते आमच्या ताटात नसतं. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गहू, ज्वारी, बाजरी यांत पन्नासच्याही आत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. पन्नास-पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी खाल्ल्या की तिसरा हिस्सा झाला. नागलीला मोड आणून, वाळवून दळली तर त्यातलं कॅल्शियम अंगी जास्त लागतं. पेलाभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे. दही, ताक, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याचे लाडू. पालकावर मात्र विसंबू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम फारसं शोषलंच जात नाही. आणि उपवासाच्या साबुदाण्यात हाडांसाठी काही नाही. भगर-शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दही हे त्याहून कितीतरी बरं.

ऊन हा आणखी एक गैरसमजाचा विषय. सकाळी कोवळ्या उन्हात बसलं की ड जीवनसत्त्व मिळतं असं आपण ऐकत आलो. त्या तिरप्या उन्हात लागणारे किरण फार थोडे पोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळचं ऊन लागतं, आणि काचेआडून बसून उपयोग नाही. नाशिकला ऊन बारा महिने आहे. पण कॉलेज रोडवर बघा, स्कूटीवरच्या पोरी डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून, हातात लांब मोजे घालून जातात. बागेतल्या बायाही साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला फडकं बांधतात, त्यांचं कारण मला कळतं. निदान मुलींनी मधल्या सुट्टीत मैदानावर उघड्या हातांनी खेळावं म्हणून मी शाळेत भांडते. धावणं, दोरीवरच्या उड्या यांनी त्या वयात हाड जितकं भरतं तितकं पुढे कशानेच भरत नाही. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितली असेल तर आठच आठवडे घ्यावी. ती वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना त्रास होतो.

माझ्या भाचीशी परवा वाद झाला तो वाइनवरून. नाशिकची म्हणून आपल्याला वाइनचा अभिमान आहे, आणि द्राक्ष पिकवणाऱ्यांच्या घरात त्याविरुद्ध बोलणं सोपं नाही. ती म्हणाली, "मावशी, रेड वाइन हृदयाला चांगली असते." मी तिला सांगितलं ते इथेही सांगते. दारू कोणत्याही रूपातली असो, तिच्यामुळे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो रोजच्या एका छोट्या ग्लासापासून वाढायला लागतो. १०० मिलिलिटर वाइनमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल; रोज तेवढं घेणाऱ्या बाईचा धोका सात ते दहा टक्क्यांनी जास्त. एकदा जेवणात घेतली म्हणून आकाश कोसळत नाही, पण तब्येतीसाठी म्हणून घेऊ नये.

धोका कमी करणाऱ्या गोष्टीही आहेत. बाळाला अंगावर पाजणं त्यातली मोठी. 'लॅन्सेट'मध्येच २००२ साली तीस देशांतल्या अभ्यासांची बेरीज आली होती : पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी उतरतो. पाळी गेल्यावर वजन आवाक्यात ठेवणं ही दुसरी, कारण इस्ट्रोजेन बनवणारं ते विकर चरबीतच बसलेलं असतं. गोल्फ क्लब मैदानावर चालणाऱ्या किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढणाऱ्या बायका एकाच वेळी स्तन आणि हाडं दोन्हींची काळजी घेत असतात.

आणि हाताने होणारी तपासणी. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा १९९८ पासून वीस वर्षं अभ्यास करून हे बघितलं. त्यांतल्या साधारण निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा तपासले, मशीन नाही, काही नाही. तपासलेल्यांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. तीस वर्षांवरच्या बाईची ही तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रात फुकट व्हायला हवी, आशाताईंना विचारा.

आक्कांना आता सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन असतं. त्याने हाडांची झीज थांबते, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये कॅन्सर हाडांत परतण्याचं प्रमाणही कमी होतं, असं २०१५ साली बऱ्याच चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. इंजेक्शनाआधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन यावं लागतं, कारण नंतर दाढ काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. तुमच्या घरात कुणाला लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन चालू असेल, तर गोळी स्वतःहून बंद करू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा : डेक्सा कधी करायची, ड जीवनसत्त्व तपासायचं का, आणि हाडांसाठी वेगळं औषध लागेल का.