शेल्टर आहे: होय

आमच्या एजन्सीच्या पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये, औषधांची यादी आणि दारापुढच्या पायऱ्यांची संख्या यांच्या मध्ये कुठेतरी, एक ओळ असते. घरात स्टॉर्म शेल्टर, म्हणजे वादळात आसरा घ्यायची जागा, आहे का? होय / नाही. वादळाच्या त्या सोमवारच्या आठ दिवस आधी ‘होय’च्या चौकोनात खूण मीच केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

मी अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात, घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. दिवसाला पाच-सहा घरं, मधे शंभरेक मैल गाडी आणि गाडीतच उरकलेलं टायपिंग. लोकांना वाटतं मी व्यायाम शिकवते. खरं तर निम्मा वेळ मी गालिचे गुंडाळत असते आणि कुत्र्यांना दुसऱ्या खोलीत घालवत असते.

या आजी 78 वर्षांच्या. नॉर्मनच्या दक्षिणेकडच्या एका गावात एकट्या राहतात, जन्मभर शाळेची बस चालवलेली. मी त्यांना तोंडावर ‘मॅम’ म्हणते, मनात आजी. उजव्या खुब्याचा सांधा बदलून बारावा दिवस होता. चीर मागच्या बाजूने दिलेली, त्यामुळे तीन बंधनं: खुब्यात 90 अंशांपलीकडे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. मोडलं तर नवा गोळा वाटीतून निसटू शकतो. हे मी दिवसातून इतक्या वेळा म्हणते की झोपेतही म्हणत असेन.

दुपारी दोनच्या सुमारास टोर्नेडो वॉच लागला होता. टोर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा. मे महिन्यात इथे वॉचचं कुणाला काही वाटत नाही. वॉच म्हणजे हवेत सगळं सामान जमलंय, आता कुठेही काहीही होऊ शकतं. तो नॉर्मनमधलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर देतं, एकदम कित्येक काउंट्यांना (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), काही तासांसाठी. वॉर्निंग वेगळी. ती हवामान खात्याचं स्थानिक कार्यालय देतं, रडारवर फिरत्या हवेची खूण दिसली किंवा कुणी डोळ्यांनी पाहिलं की. तीही 2007 पासून अख्ख्या काउंटीला नाही, नकाशावर आखलेल्या तुकड्याला. घरी फोनवर मी ‘टोर्नेडो’ म्हटलं की आई ‘चक्रीवादळ’ असं समजते आणि विचारते, मग चार दिवस आधी कळतं ना? नाही गं आई. चार दिवस नाही, मिनिटं.

सव्वाचारला मी पोहोचले तेव्हा टीव्ही सुरू होता आणि नकाशावर पश्चिमेकडे लाल ठिपके होते. आम्ही चालण्याचा सराव केला. वॉकर घेऊन 150 फूट, न थांबता. मी खूश, आजी खूश. त्या वीस मिनिटांत मी टीव्हीकडे पाठ करून त्यांची टाच आधी टेकते का ते बघत होते.

चार चाळीसला माझा फोन किंचाळला, पाठोपाठ आजींचा वेदर रेडिओ, हवामानाचा इशारा आला की आपोआप वाजणारा. वॉर्निंग, आमच्या तुकड्यासाठी. टीव्हीवाला सांगत होता, सहा मैल नैर्ऋत्येला, ताशी 35 मैल, ईशान्येकडे. म्हणजे आमच्याचकडे. दहा मिनिटं. गावाचा सायरन वाजत होता, पण बंद खिडक्यांतून तो लांबच्या कारखान्याच्या भोंग्यासारखा येत होता. सायरन असतो घराबाहेरच्यांसाठी. घरात त्याच्यावर विसंबणाऱ्यांना मी काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

‘शेल्टर,’ आजी म्हणाल्या आणि गॅरेजकडे निघाल्या.

इथे तळघरं फारशी नसतात. बहुतेक घरं जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर उभी. म्हणून लोक गॅरेजच्या फरशीत लोखंडी पेटी पुरून घेतात, वर सरकतं झाकण. मी आठ दिवसांपूर्वी ते झाकण पाहिलं होतं आणि खूण केली होती. झाकण सरकवलेलं मात्र आज पहिल्यांदा पाहिलं. खाली जायला पायऱ्या म्हणजे जवळजवळ शिडीच. अरुंद, उभ्या, उलटं तोंड करून उतरायच्या. वॉकर आत जाणं शक्य नव्हतं. तळाशी लोखंडी बाक, इतका बुटका की त्यावर बसलं की गुडघे खुब्याच्या वर. 90 अंश तिथेच मोडले.

खुब्याच्या पेशंटला पायऱ्या शिकवताना इथे एक वाक्य घोकून घेतात. चांगला पाय वर जातो, वाईट पाय खाली; चांगले स्वर्गात, वाईट नरकात. आजींनी भोकात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘इथे तर दोन्हींना नरकातच जावं लागेल.’

मी नाही म्हटलं. त्या ‘नाही’बद्दलच हे सगळं लिहितेय. तेव्हा मी तराजू घेऊन तोलत बसले नव्हते. माझ्या तोंडून ते खुब्याच्या तीन नियमांसारखंच आपोआप निघालं.

तेवढ्यात लेकीचा फोन, शहरातून. ‘आईला गाडीत घाल आणि दक्षिणेकडे सूट.’ तिला समजावत बसायला वेळ नव्हता. 20 मे 2013 ला इथल्याच मूर गावात टोर्नेडोने 24 माणसं मारली. त्याच्या धसक्याने 31 मे रोजी, एल रीनोचा टोर्नेडो आला तेव्हा, कितीतरी लोक गाड्या काढून पळाले आणि रस्त्यांवर अडकून बसले. त्या दिवशी गाड्यांमधल्या माणसांचे जीव गेले. मी फोन ‘हो हो’ करून ठेवला.

उरली मधली बोळवजा जागा, झोपण्याच्या खोल्या आणि न्हाणीघर यांच्या मधली. एकही खिडकी नाही, दोन्हीकडे भिंती. सगळी दारं लावून घेतली. आजी म्हणाल्या, खिडक्या उघड, दाब निघून जाईल, आम्हाला शाळेत असंच शिकवलंय. चुकीचं शिकवलंय. घरं दाबाने फुटत नाहीत. वारा आत शिरून छत उचलतो. उघड्या खिडकीने त्याची सोयच होते.

मग बूट. यात दीड मिनिट गेलं आणि ते मला अजूनही वाया गेलेलं वाटत नाही. आजींच्या पायात सपाता होत्या. घर मोडलं तर नंतर काचांवरून आणि खिळ्यांवरून चालावं लागतं. वाकायचं नाही म्हणून लांब दांड्याच्या शू-हॉर्नने त्यांनी स्वतःच बूट चढवले, आरामात, जणू चर्चला निघाल्या आहेत. नातवाचं बेसबॉलचं हेल्मेट कपाटात होतं, ते डोक्यावर. मला स्वयंपाकघरातलं एक मोठं पातेलं.

आता खाली बसवणं. सगळीकडे सांगतात, जमिनीवर उकिडवे बसा, डोकं गुडघ्यांत घाला, मान हातांनी झाका. बरोबर आहे. पण ते चित्र काढणाऱ्याने खुब्याचा पेशंट पाहिलेला नसतो. जमिनीवर जाणं मी सहसा बऱ्याच आठवड्यांनी शिकवते. त्या दिवशी चार मिनिटांत शिकवलं. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून समोर, त्यांच्या कमरेला माझा पेशंट धरायचा पट्टा, पट्ट्यात माझ्या दोन्ही मुठी. आधी ऑपरेशनचा गुडघा टेकवायचा, म्हणजे तो खुबा मागे सरळ राहतो. मग चांगला गुडघा. मग खुर्चीवरचे हात एकेक करून सोडत चांगल्या कुशीवर, दोन मांड्यांमध्ये जाड उशी, आणि उशीसकट पाठीवर. एकदाही 90 ओलांडले नाहीत. इतकं सुबक मी वर्कशॉपमध्येही कधी केलेलं नाही आणि बघायला कुणीही नव्हतं. पाहुण्यांच्या खोलीतली फोमची गादी ओढून दोघींवर घेतली.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. दिवे गेले. गारा पडल्या, छतावर कुणी बादल्या उपडी करत असल्यासारख्या. गादीला कापराचा वास होता. आजी हेल्मेटमधून मला बसमधल्या कुठल्याशा पोराची गोष्ट सांगत होत्या, जो रोज चढताना ओकायचा. मग आवाज कमी झाला. वॉर्निंग आमच्यावरून उठली आणि पूर्वेला सरकली. आमच्या गल्लीत मोडल्या फक्त झाडांच्या फांद्या.

मग कळलं की आजींना परत उठवणं मला एकटीला जमणार नाही. भीती ओसरल्यावर त्यांच्या पायांतलं बळच गेलं होतं. नुसतं उचलायला फायर डिपार्टमेंटला बोलावता येतं. इथे ते नेहमीचंच आहे. तिघे आले. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी गॅरेजमधलं उघडं झाकण पाहिलं, मला विचारलं आणि ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘खुबा निसटला तर परत बसवता येतो, मॅम.’ रागावून नाही. अगदी हवापाणी सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी सर्जनच्या ऑफिसातून फोन आला. बाराव्या दिवशी पेशंटला जमिनीवर घेतलंच कसं? एजन्सीच्या फॉर्ममध्येही ‘जमिनीवर गेला’ याला एकच चौकोन आहे: पडणे. त्यामुळे माझ्या सर्वांत सुबक कामाची नोंद कागदावर पेशंट पडल्याची आहे, कारणासकट. कारण: हवामान.

सर्जनच्या ऑफिसाला उत्तर देणं सोपं होतं. त्या फायरमनच्या वाक्याला उत्तर मला अजून सापडत नाही. एखाद वेळी वाटतं, शिडीवरून त्या माझ्या अंगावर कोसळल्या असत्या आणि झाकण उघडं राहिलं असतं. मी त्यांना धरू शकले नसते हे मला माझ्या खांद्यांनी माहीत आहे. एखाद वेळी वाटतं, मी जिवापेक्षा खुबा जपला, कारण मला तोच जपायची सवय आहे. टोर्नेडो आला नाही, म्हणून माझं बरोबर ठरलं असं नाही.

आणि हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी दारं लावत होते तेव्हा समोरचा शेजारी आपल्या ड्राइव्हवेवर उभा राहून फोनवर आभाळाचा व्हिडिओ काढत होता. ओक्लाहोमातल्या पुरुषांचा हा छंद मला कधी कळला नाही, आणि मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. दोन दिवसांनी तो आजींसाठी सूप घेऊन आला. मी शेल्टरच्या शिडीबद्दल बोलले, तर म्हणाला, ‘मग माझ्याकडे का नाही आणलंत त्यांना?’ त्याच्या गॅरेजमध्ये सेफ रूम आहे. जमिनीवर उभी, पोलादी, फरशीत बोल्ट ठोकलेली, सपाट चालत आत जाता येईल अशी. आजींच्या दारापासून मी मोजपट्टीने मोजलं: 130 फूट. वॉच दोनपासून लागलेला होता आणि त्या दुपारी आम्ही दिवाणखान्यात फेऱ्या मारून 150 फूट चाललो होतो.

पुढच्या भेटीत, लख्ख उन्हात, आम्ही रस्ता ओलांडला. उंबरठा दोन इंचांचा, वॉकरची चाकं एकदा अडली. आत गवत कापायचं यंत्र आणि नाताळच्या सजावटीची खोकी भरलेली. मी शेजाऱ्याला म्हटलं, हे सगळं बाहेर काढा. त्याने यंत्र काढलं. खोकी अजून आत आहेत. आम्हाला लागली चार मिनिटं दहा सेकंद. फॉर्मच्या शेल्टरच्या ओळीत हे लिहायला जागा नव्हती, म्हणून मी ते चालण्याच्या रकान्यात लिहिलं.