कासादाच्या पौर्णिमेला न्गादासहून ब्रोमोपर्यंत पायी

2024 ची वारी माझी चुकली. त्याआधी दोन वर्षं आळंदी ते पंढरपूर पूर्ण चाललो होतो, मग नोकरीसाठी इंडोनेशियातल्या सुराबायाला आलो आणि जून लागला तसं कशातच मन लागेना, 29 जूनला माऊलींचं प्रस्थान आणि आपण इथे समुद्रापार. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे सगळं सांगत होतो तर तो म्हणाला, माझं आजोळ न्गादासचं आहे, आमचीपण कासादा सणाची एक रात्र असते, ब्रोमो ज्वालामुखीला जायची, चल. तारीख विचारली तर 21 जून, म्हणजे आपली वटपौर्णिमा! घरी आईचा उपवास आणि मी इकडे निघालो.

न्गादास हे टेंगर लोकांचं गाव, पूर्व जावामधलं. सुराबायाहून मालांग, तिथून तुंपांग आणि मग घाट सुरू होतो तो संपतच नाही, गाव साधारण 2100 मीटरवर आहे. चारी बाजूंनी ब्रोमो टेंगर सेमेरू राष्ट्रीय उद्यान, मधे हे एवढंसं गाव. शेतं बघून मी थक्कच झालो. इतके खडे उतार की आपल्याकडे तिथे शेळी चरायला सोडताना माणूस विचार करेल, आणि त्यावर बटाटा, कोबी, कांद्याची पात, सगळं खुरप्या-कुदळीचं काम. गावचा नियम असा की जमीन बाहेरच्याला विकायची नाही. हे ऐकून मला आमच्या गावचा हायवेलगतचा माळ आठवला, किती जणांच्या हातून गेला तो. असो.

पाहुण्याला बैठकीत बसवत नाहीत, थेट स्वयंपाकघरात चुलीपाशी नेतात, कारण थंडी तशीच आहे. घरात सगळ्यांच्या खांद्यावर सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, गुंडाळलेला, बायका-पुरुष दोघांच्याही. सहकाऱ्याच्या मामांना मी पाक म्हणत होतो, म्हणजे आपलं काकाच, आणि आजीला म्बाह. म्बाहनी मला आरोनचा भात वाढला, भात म्हणायचा पण तो पांढऱ्या मक्याचा, कण्यांसारखा लागतो. एक गोष्ट मला फार भावली. गावात बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत, पण कासादा सगळ्यांचा. ज्याचा त्याचा धर्म वेगळा असला तरी डोंगर एकच आहे असं मामा अगदी साधेपणाने बोलून गेले.

सणाचं पूर्ण नाव यद्न्य कासादा. ते ऐकलं आणि अंगावर काटा आला, कारण हिंदीवाले यग्य म्हणतात, संस्कृतवाले आणखी वेगळं, पण हे लोक 'ज्ञ' अगदी आपल्यासारखा म्हणतात! पवित्र पाण्याला तीर्ता, वाळूच्या मैदानाला सगारा वेदी म्हणजे वाळूचा सागर, आणि ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. इतक्या लांब येऊन घरातलेच शब्द भेटत होते.

गोष्ट म्बाहनी सांगितली, सहकारी मला समजावत होता. मजपाहित या जावातल्या जुन्या राजघराण्यातली रोरो आंतेंग आणि तिचा नवरा जोको सेगेर, मूल होत नव्हतं म्हणून डोंगराला साकडं घातलं, पंचवीस मुलं झाली पण बोली अशी की धाकटा परत द्यायचा. आईबापांना ते जमेना, डोंगर पेटला, तेव्हा धाकटा कुसुमा स्वतः विवरात गेला आणि आतून आवाज आला की भांडू नका, दरवर्षी कासादा महिन्याच्या पौर्णिमेला शेतात जे पिकेल ते मला आणून द्या. आंतेंगमधलं 'तेंग' आणि सेगेरमधलं 'गेर', म्हणून हे लोक टेंगर. म्हणजे इथला प्रत्येक जण स्वतःला त्या कुसुमाच्या भावंडांचा वंशज मानतो आणि ते जे नेतात ते धाकट्या भावासाठी. हे कळल्यावर माझं चालणंच बदललं.

बहुतेक लोक हल्ली ट्रकने, मोटारसायकलने जातात. मामा पायी जातात म्हणून आम्हीपण पायी, आणि म्बाहपण, सत्तरी ओलांडलेली बाई, पुढेच. मामांकडे बांबूची कावड, तिला ते ओंग्केक म्हणतात, तिच्यावर पात, कोबी, गाजरं, मक्याची कणसं, फुलं सगळं बांधलेलं. शिखर शिंगणापूरची कावड ज्याने पाहिलीय त्याला सांगायला नको. माझ्याकडे बटाट्यांचं गाठोडं दिलं, सारोंगमध्ये बांधून पाठीवर.

जेम्प्लांगच्या खिंडीपर्यंत चढ, मग थेट खाली त्या जुन्या प्रचंड ज्वालामुखीच्या पोटात उतरायचं. आधी गवताचं मैदान, कमरेइतकं गवत, चांदण्यात पांढरं दिसणारं, आणि मग अचानक गवत संपतं आणि काळी वाळू लागते. पाय रुततो, प्रत्येक पाऊल अर्धं मागे येतं. वारीत दिवेघाट चढताना दम लागतो पण आजूबाजूला टाळ-मृदंग असतो, ज्ञानबा-तुकाराम असतं, पाय आपोआप उचलतात. इथे कोणी गात नव्हतं. फक्त वाळूचा आवाज. मी मनातल्या मनात हरिपाठ धरला आणि त्या लयीत चालत राहिलो.

मधे एकदा बसलो तेव्हा म्बाहनी विचारलं, तुमच्याकडे देवाला काय नेता? मी म्हटलं काही नाही, बायका डोक्यावर तुळस नेतात बस. मग देव खातो काय? मी सांगितलं की वाटेत गावोगावचे लोक आम्हाला जेवायला घालतात, ते त्याला पोचतं. म्बाह बराच वेळ गप्प बसल्या आणि मग माझं गाठोडं नीट घट्ट बांधून दिलं.

मध्यरात्र उलटल्यावर पुरा लुहुर पोतेनला पोचलो. वाळूच्या मधोमध देऊळ, मागे ब्रोमोचा धूर, गंधकाचा वास घशात बसतो. आत दुकुन, म्हणजे त्यांचे पुजारी, मंत्र म्हणत होते. ज्यांना नवीन दुकुन व्हायचंय त्यांची परीक्षाही याच रात्री असते, सगळ्यांसमोर मंत्र पाठ म्हणायचे. थंडीने माझे दात वाजत होते पण उठून जावंसं वाटलं नाही.

पहाटे विवराकडे निघालो, शेवटी साधारण अडीचशे पायऱ्या. वर कड्यावर गर्दी, खाली आत धूर आणि त्या घसरत्या उतारावर माणसं! हातात काठीला लावलेल्या जाळ्या, पसरलेले सारोंग, वरून टाकलेला कोबी, कोंबड्या, पैसे झेलायला उभी. मला आधी वाईट वाटलं, देवाचं कोणी मधेच घेतंय म्हणून. मामा म्हणाले, घेऊ दे, आपण सोडलं की ते आपलं नाही, त्यांच्या घरीपण चूल आहे. मामांनी कावड सोडली, मी गाठोडं उघडलं आणि बटाटे एकेक करून टाकले. एक पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असेल, त्याने दोन झेलले आणि वर बघून हात हलवला.

2010 च्या शेवटी ब्रोमो उसळला तेव्हा टेंगर गावांमधली पिकं राखेखाली गेली होती. उतरताना मामा त्याबद्दल बोलत होते, कितीतरी वेळ, पण रागाने नाही. तीच राख पुढे मातीत मिसळते आणि बटाटा तीच खाऊन वाढतो असं त्यांचं म्हणणं.

निघताना म्बाहनी पिशवीभर बटाटे दिले, मातीसकट. सुराबायाच्या खोलीत अंधारात ठेवले होते. 17 जुलैला आषाढी एकादशी, सकाळी फोनवर पंढरपूरचं लाईव्ह दर्शन लावलं, त्यातले चार बटाटे उकडले, जिरं आणि मिरची घालून भाजी केली आणि उपवासाला तीच खाल्ली.