तुम्ही विचारलंत म्हणून : प्रशिक्षक बदलावा का?

नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरात मी २००७ च्या ऑगस्टमध्ये राहायला आलो, तेव्हापासून एक प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटू लागले. शेजारी विचारतात, कार्यालयातले सहकारी विचारतात, आणि मुलांकडे काही महिने राहायला आलेले मराठी आईवडीलही, शनिवारी सारे गाव लाल कपडे घालून कुठे निघते याचा उलगडा झाला की पुढच्या आठवड्यापासून तेच विचारू लागतात : संघ हरतो आहे, मग मुख्य प्रशिक्षकाला काढत का नाहीत?

येथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा अमेरिकन फुटबॉल आणि संघ म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाचा. राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास आहे, राष्ट्रीय व्यावसायिक लीगमधला एकही संघ येथे नाही, आणि विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटे १९६२ पासून प्रत्येक सामन्याला खपत आली आहेत. (अलीकडे एकदोनदा उरलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेऊन ही परंपरा सांभाळली, हे लिंकनचे लोक जरा हळू आवाजात सांगतात.)

माझे उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. संघ किती सामने हरला, यावरून मी प्रशिक्षकाचा निकाल लावत नाही; तो कशामुळे हरला, ते कारण प्रशिक्षकाच्या हातात आहे का, आणि त्याच्या जागी येणारा माणूस त्या कारणाचे नेमके काय करणार आहे, एवढे मला आधी कळायला हवे असते. ही सावधगिरी माझ्या स्वभावातली नसून या गावाने शिकवलेली आहे.

२००३ साली फ्रँक सोलिच येथे मुख्य प्रशिक्षक होते. १९९८ ते २००३ या सहा हंगामांत त्यांनी ५८ सामने जिंकले आणि १९ गमावले. २००१ च्या हंगामात त्यांचा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला होता, जरी तेथे मायामीकडून तो ३७-१४ असा सपाटून हरला. पुढच्या वर्षी ७ विजय आणि ७ पराभव अशी घसरण झाली, पण २००३ मध्ये संघ पुन्हा सावरून ९-३ वर (९ विजय, ३ पराभव) आला होता, आणि शेवटचा साखळी सामना जिंकल्यानंतर लगेचच त्यांना काढण्यात आले. विद्यापीठाला सामान्यपणाकडे घसरू द्यायचे नाही, असे त्या वेळचे क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांचे म्हणणे होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवे प्रशिक्षक बिल कॅलहान यांच्या पहिल्याच हंगामात संघ ५-६ वर गेला, आणि विजयांपेक्षा पराभव जास्त असा हंगाम १९६१ नंतर प्रथमच नेब्रास्काने पाहिला.

मी आलो ते कॅलहान यांचे शेवटचे वर्ष होते. नोव्हेंबरमध्ये कॅन्सस विद्यापीठाने आमच्या संघावर ७६ गुण चढवले, तो सामना मी एका सहकाऱ्याच्या घरी पाहिला. खेळाचे नियम मला निम्मेच कळत होते, पण त्या खोलीत पसरलेली शांतता कळायला नियम लागत नव्हते.

कॅलहान यांच्या अपयशाचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण प्रशिक्षक बदलताना लोक जे विसरतात ते त्यात आहे. नेब्रास्काचा संघ कित्येक वर्षे चेंडू घेऊन धावण्यावर उभा होता; त्यासाठी जाड बांध्याचे, दमदार खेळाडू निवडले जात, आणि शिष्यवृत्तीशिवाय स्वखर्चाने खेळणारी आसपासच्या गावांतली मुले वर्षानुवर्षे घडवली जात. कॅलहान व्यावसायिक लीगमधून आले होते आणि त्यांची पद्धत चेंडू फेकण्याची होती. एका पद्धतीसाठी जमवलेली मुले दुसऱ्या पद्धतीत एका रात्रीत बसत नाहीत. नव्या पद्धतीची मुले निवडून ती पक्व व्हायला तीनचार वर्षे जातात, आणि तोवर प्रशिक्षकाविरुद्धची कुजबुज पुन्हा सुरू झालेली असते.

आता दुसरी बाजू. टॉम ऑस्बर्न हे नाव येथे आदरानेच घेतले जाते : १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे, २५५ विजय, एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत, आणि १९९४, १९९५ व १९९७ ची अजिंक्यपदे. पण पहिली पाच वर्षे ते प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाकडून दर वर्षी हरले होते, आणि १९७८ चा हंगाम संपल्यावर कोलोरॅडो विद्यापीठाची नोकरी पत्करावी का, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. पहिले अजिंक्यपद त्यांना बाविसाव्या हंगामात मिळाले. आजचे संचालक त्यांना तोवर थांबू देते, असे मला वाटत नाही. तरीही आज जो येतो त्याला याच माणसाच्या मापाने मोजले जाते. बो पेलिनी यांनी २००८ पासून सात हंगामांत दर वर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले आणि पहिल्या सहा हंगामांत दर वर्षी बरोबर चार गमावले. मोठ्या सामन्यांत त्यांचा संघ कोसळत असे हे खरे, २०१२ मध्ये विस्कॉन्सिनने ७०-३१ असा धुव्वा उडवला तो मी विसरलेलो नाही, पण २०१४ मध्ये नऊ विजय मिळवलेल्या प्रशिक्षकाला काढून आणलेल्या माइक रायली यांची तीन वर्षांची बेरीज १९ विजय आणि १९ पराभव अशी झाली.

याच काळात संघाभोवतीची परिस्थितीही बदलली होती. २०११ मध्ये नेब्रास्का बिग ट्वेल्व्ह ही विद्यापीठांची साखळी सोडून बिग टेन या दुसऱ्या साखळीत गेले. पैशाच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा असेल, परंतु टेक्ससमधले सामने त्यामुळे संपले, आणि ज्या राज्यात स्वतःचे चांगले खेळाडू मोजकेच निपजतात त्याला टेक्ससच्या शाळांतून मुले आणणे अधिक अवघड झाले. याचा राग प्रशिक्षकावर काढणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून कोणालाच काढू नये असे मी म्हणतो, असा समज करून घेऊ नका. रायली यांच्यानंतर आलेल्या स्कॉट फ्रॉस्ट यांना काढले ते योग्यच झाले. १९९७ च्या विजेत्या संघाचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेला खेळाडू, घरी परत आला तेव्हा गावाला आनंद आवरत नव्हता, आणि मलाही. पण त्यांच्या काळात ८ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने निकाल लागलेल्या सामन्यांत ५ विजय आणि २२ पराभव झाले. असे एखाद्या वर्षी घडले तर दैवावर सोडता येते. पाचव्या वर्षीही घडत राहिले तर त्याला दैव म्हणता येत नाही. २०२२ च्या पहिल्याच सामन्यात, डब्लिनमध्ये, २८-१७ अशी आघाडी असताना त्यांनी चेंडू मुद्दाम जवळच लाथाडून तो आपल्याच खेळाडूंनी परत मिळवण्याचा डाव टाकला. तो फसला आणि सामना ३१-२८ असा गेला. कोणीही न मागितलेला धोका पत्करणारी ही सवय आम्ही आधीही पाहिली होती. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर त्यांना काढले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर भरपाई सुमारे दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तेवढे थांबायचे होते, असे येथील अनेकांचे मत आहे. माझे तसे नाही.

हा केवळ आमच्या गावचा अनुभव नसावा. १९९७ ते २०१० या काळातील महाविद्यालयीन संघांचा तीन राज्यशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, त्यात असे दिसले की अगदी तळाच्या संघांना प्रशिक्षक बदलून फारसा फरक पडला नाही, आणि मधल्या दर्जाच्या संघांची कामगिरी बदलानंतर, न बदलणाऱ्या तशाच संघांच्या तुलनेत, खालावली. सोलिच आणि पेलिनी या दुसऱ्या गटातले, किंबहुना त्याच्या वरचे होते. व्हर्जिनिया टेकमध्ये फ्रँक बीमर यांची सहा वर्षांनंतरची बेरीज २४ विजय, ४० पराभव आणि २ बरोबरी अशी होती, आणि १९९२ मध्ये तर फक्त दोन सामने जिंकले होते. त्यांना ठेवले, मदतनीस प्रशिक्षक मात्र बदलले. १९९९ च्या हंगामात तोच माणूस संघाला अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत घेऊन गेला.

यावर हल्ली मला इंडियानाचे उदाहरण ऐकवले जाते, आणि ते वजनदार आहे. २०२३ मध्ये ३-९ असलेल्या त्या संघात कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले आणि एका वर्षात ११-२ झाले. पण ते एकटे आले नव्हते. जुन्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू त्यांच्याबरोबर आले. खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाल्यापासून आणि २०२१ मध्ये त्यांना जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागल्यापासून, संघ उभारायला लागणारी चार वर्षे कधी कधी एकावर येतात, हे मी मान्य करतो. तीच मुभा उलटीही चालते : प्रशिक्षक गेला की चांगले खेळाडूही आठवडाभरात निघून जाऊ शकतात.

तेव्हा २०२३ च्या हंगामापासूनचे आमचे प्रशिक्षक मॅट रूल यांच्याविषयी विचाराल, तर २०२३ मध्ये ५-७ आणि २०२४ मध्ये ७-६, म्हणजे २०१६ नंतरचा पहिला बाउल सामना (हंगाम संपल्यावर चांगल्या संघांना मिळणारा जादा सामना) आणि त्यात विजय, एवढ्या हिशेबावर कोणाला काढा म्हणायला मी तयार नव्हतो. पुढे कधी माझे मत बदललेच, तरी माझी एक अट राहील : येणारा कोण, ते आधी सांगा. २००३ मध्ये सोलिच यांना नोव्हेंबरच्या शेवटी काढले आणि कॅलहान यांचे नाव जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरले. त्या काळी फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवी मुले करारावर सह्या करत. त्याआधीच्या मोक्याच्या काळात, सुमारे चाळीस दिवस, त्यांच्या घरी जाऊन बोलायला नेब्रास्काकडे कायमचा मुख्य प्रशिक्षकच नव्हता.