कर्कपॅट्रिकबाईंचा तो एक लेख

गेले काही दिवस जीन कर्कपॅट्रिकबद्दल वाचतेय आणि विषय डोक्यातून जातच नाहीये. जॉर्जटाऊनला राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाई, पक्षाने डेमोक्रॅट, नोव्हेंबर १९७९ च्या कॉमेंटरी मासिकात 'डिक्टेटरशिप्स अँड डबल स्टँडर्ड्स' नावाचा लेख लिहितात, तो पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रेगनच्या वाचनात येतो आणि १९८१ ला बाई थेट युनोत अमेरिकेच्या राजदूत! त्या पदावर आलेल्या पहिल्या महिला.

लेखाचं म्हणणं असं की जुन्या वळणाचे हुकूमशहा, म्हणजे इराणचा शहा, निकाराग्वाचा सोमोझा वगैरे, लोकांच्या घरात, देवाधर्मात फार ढवळाढवळ करत नाहीत आणि कधीतरी लोकशाहीकडे वळूही शकतात, कम्युनिस्ट मात्र सगळंच ताब्यात घेतात आणि मग सुटका नाही. तेव्हाचा अमेरिकन राष्ट्राध्यक्ष कार्टर मानवी हक्क मानवी हक्क करत आपल्याच मित्रांना बुडवतोय हा त्यांचा राग. शहा आणि सोमोझा दोघंही त्याच वर्षी देश सोडून पळाले होते, त्यामुळे तेव्हा वाचणाऱ्याला हे पटलं असणार, ते मी समजू शकते.

पण "फार ढवळाढवळ करत नाहीत" हे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये, जिथल्या सरकारला अमेरिकेचाच पाठिंबा होता, तिथे कुणाला सांगणार? डिसेंबर १९८० ला तिथल्या सरकारच्या नॅशनल गार्डच्या जवानांनी चार अमेरिकन मिशनरी बायकांवर बलात्कार करून त्यांना मारलं, त्यातल्या तिघी नन, आणि बाई काय म्हणाल्या, तर त्या नुसत्या नन नव्हत्या, राजकीय कार्यकर्त्याही होत्या. हे वाचून खरंच पोटात कालवलं. वर्षभराने एल मोझोते गावात अमेरिकेनेच ट्रेन केलेल्या अत्लाकात्ल बटालियनने शेकडो गावकरी मारले.

हे बाईंनी केलं असं मी म्हणत नाही, पैसा आणि शस्त्रं वॉशिंग्टनहून जातच होती. पण ती पाठवताना मनाला टोचू नये म्हणून जे शब्द लागतात ना, ते त्यांच्या लेखाने दिले, आणि मला तेच सगळ्यात भयंकर वाटतं.

१९८८ ला चिलीत लष्करी हुकूमशहा पिनोशे मतदानात हरला, तिथे त्यांचं म्हणणं खरं ठरलं, मान्य. पण पुढच्याच वर्षी कम्युनिस्ट पोलंड, हंगेरी बदलले, मग "सुटका नाही"चं काय?

एल मोझोतेतून वाचलेल्या रुफिना अमाया सुरुवातीपासून सांगत होत्या काय घडलं ते, रेगन सरकारने मानलंच नाही. १९९२ ला तिथे खोदकाम झालं तेव्हा लहान मुलांचे सांगाडे निघाले.