नाकी : बायबलमधील एका हिब्रू शब्दाविषयी

परमेश्वराच्या डोंगरावर कोण चढेल, असा प्रश्न 24 व्या स्तोत्रात विचारला आहे आणि त्याच्या उत्तरात दोन हिब्रू शब्द शेजारी शेजारी आले आहेत: हातांसाठी 'नाकी' आणि हृदयासाठी 'बार'. (मराठीतल्या नाकी नऊ येण्याशी या शब्दाचा अर्थातच काही संबंध नाही.) वाचताना हे दोन्ही आपल्या मनात 'शुद्ध' या एकाच अर्थात मिसळून जातात. कवीने मात्र हातांसाठी वेगळा शब्द घेतला आहे, आणि तो का घेतला असावा हे त्या शब्दाचे बायबलमधील इतर प्रयोग पाहिल्यावर उलगडत जाते.

हे प्रयोग बरेचसे अगदी व्यवहारातले आहेत. अब्राहाम आपल्या सेवकाला मुलासाठी वधू शोधायला पाठवताना शपथ घालतो आणि सांगतो की, मुलगी यायला तयार झाली नाही तर तू या शपथेतून सुटशील. तिथे याच धातूचे क्रियापद आहे. नवविवाहित पुरुषाला सैन्यात पाठवू नये, त्याच्यावर कोणतेही काम लादू नये, त्याने वर्षभर घरासाठी 'नाकी' राहून पत्नीला सुखी करावे, असा नियम अनुवाद या ग्रंथाच्या 24 व्या अध्यायात आहे. उलट यहूदा राज्याच्या आसा राजाने रामा नगराचे दगड आणि लाकडे वाहून आणण्यासाठी साऱ्या यहूदाला बोलावले, तेव्हा 'कोणीही नाकी नाही', म्हणजे कोणालाही सूट नाही, असे फर्मान काढले. निर्गम ग्रंथातील कायद्यानुसार बैलाने माणसाला शिंगाने भोसकून मारले, तर बैलाला दगडमार करावा, पण तो पूर्वीपासून मारका नसेल तर मालक 'नाकी' ठरतो. यांपैकी कुठेही मनाच्या निर्मळपणाचा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच आहे की या माणसावर कोणाचा काही हक्क किंवा दावा उरला आहे का. म्हणूनच मला 'निर्मळ' किंवा 'पवित्र' यांच्यापेक्षा आपला साधा 'मोकळा' हा शब्द 'नाकी'च्या अधिक जवळचा वाटतो.

याच दृष्टीने 'दाम नाकी', म्हणजे निर्दोष रक्त, हा वारंवार येणारा शब्दप्रयोग पाहावा. ज्याच्याकडून काहीही वसूल करायचे नव्हते त्याचे रक्त सांडले, तर ते देणे सांडणाऱ्याच्या आणि त्याच्या गावाच्या माथी बसते. अनुवादाच्या 21 व्या अध्यायात शेतात एखाद्याचे प्रेत सापडते आणि मारणारा कोण हे कोणालाच ठाऊक नसते. मग वडीलजन येऊन प्रेतापासून आसपासच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजतात, सर्वांत जवळच्या नगराचे वडीलजन कधीही जू न ओढलेली कालवड नांगर न लागलेल्या ओढ्याकाठी नेऊन तिची मान मोडतात, तिच्यावर हात धुतात आणि सांगतात की आमच्या हातांनी हे रक्त सांडले नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही. त्यांच्यावर कोणीही आरोप केलेला नसतो, तरीही केवळ जवळ राहतात म्हणून त्यांना मोकळे व्हावे लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला मृत्युदंड देताना रोमन सुभेदार पिलात हात धुतो आणि स्वतःला जो ग्रीक शब्द लावतो, तोच हिब्रू बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात अनेक ठिकाणी 'नाकी'साठी वापरला आहे. मात्र वडीलजनांना मारेकरी माहीत नव्हता, आणि इथे हुकूम पिलाताचाच होता. त्यामुळे त्याचे हात धुणे मला नामानिराळे राहण्याची धडपड वाटते.

आमोस संदेष्ट्याने याच धातूपासून बनलेला 'निक्योन' हा शब्द उपरोधाने वापरला आहे. देव म्हणतो, मी तुमच्या सर्व नगरांत तुम्हाला दातांची स्वच्छता दिली. म्हणजे दुष्काळ पडला आणि दातांना लागायला अन्नच उरले नाही.

मोकळे असणे लोकांना दिसलेही पाहिजे, हा विचार गणना या ग्रंथाच्या 32 व्या अध्यायात आहे. तिथे मोशे रऊबेन आणि गाद या वंशांना सांगतो की, वचन पाळा, म्हणजे तुम्ही परमेश्वरापुढे आणि इस्राएलापुढे 'नाकी' व्हाल. मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात हेच वचन मंदिराच्या खजिन्याला लावले आहे. कोठीतून पैसे काढायला जाणाऱ्याने दुमड असलेला झगा घालू नये, पायांत जोडे घालू नयेत, कारण पुढे तो श्रीमंत झालाच तर लोक म्हणतील की याने कोठीतला पैसा लांबवला.

सर्वांत अवघड जागा निर्गम 34:7 ही आहे. देव क्षमाशील आहे असे सांगत आलेले ते वचन शेवटी म्हणते, 'वनक्के लो यनक्के' ('लो' म्हणजे नाही): दोषी माणसाला तो मुळीच मोकळे सोडत नाही. एकच क्रियापद जोर देण्यासाठी दोनदा आले आहे. यहुदी प्रार्थनेत मात्र हे वचन पहिल्या 'वनक्के'वरच थांबवतात, आणि तेवढ्याचा अर्थ 'आणि तो मोकळे करतो' असा नेमका उलटा होतो. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातील रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, यावर तोड काढली आहे: पश्चात्ताप करणाऱ्यांना तो मोकळे करतो, न करणाऱ्यांना करत नाही.