कुरूप आणि पान

बाबांच्या उजव्या करंगळीवर कुरूप होतं. बूट टोचू नये म्हणून त्यांनी ब्लेडनं त्याच्या कातड्याला छोटी खिडकी पाडली होती. त्याच बुटात ते रोज ऑफिसला जायचे.

गेलं वर्षभर मी शब्दकोश मांडीवर घेऊन तुर्की शिकतेय. तुर्की कवी ओर्हान वेलीची 1938 सालची ती मृत्युलेखाची कविता लावत होते. सुलेमान एफेंदीला जगात कशाचाही झाला नाही एवढा त्रास पायाच्या कुरुपाचा झाला. देवानं आपल्याला कुरूप घडवलं, याचंही त्याला तेवढं वाईट वाटलं नाही. तुर्कीत हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत एकच! मी वही मिटली आणि बराच वेळ बाबांच्या बुटाचा विचार करत बसले.

अशा साध्या माणसाला कवितेत आणलं म्हणून त्या काळी केवढा गदारोळ झाला. पण मला जास्त जवळचं वाटतं ते ओर्हानचं पाक्षिक. 1947 मध्ये त्यानं शिक्षण मंत्रालयाच्या अनुवाद कार्यालयातली नोकरी सोडली आणि 1 जानेवारी 1949 ला अंकारातून ‘याप्राक’ काढलं. याप्राक म्हणजे पान: झाडाचंही आणि कागदाचंही, अगदी आपल्यासारखंच. एकूण 28 अंक निघाले, शेवटचा 15 जून 1950 ला. पैसे संपले तेव्हा त्यानं अंगावरचा ओव्हरकोट विकला, चित्रकार अबिदिन दिनोनं भेट दिलेली चित्रंही विकली. अंकाराची थंडी हाडं गोठवणारी असते, म्हणून तो कोट माझ्या डोक्यातून जात नाही.

याच काळातली त्याची ‘बेदावा’, म्हणजे ‘फुकट’, मला पाठ झालीय. हवा फुकट, ढग फुकट, पाऊस-चिखल फुकट, मोटारींचं बाहेरचं अंग आणि दुकानांच्या काचा फुकट. पाव आणि चीज मात्र नाही. मचूळ पाणी तेवढं फुकट. स्वातंत्र्याची किंमत डोकं, गुलामी फुकट. कुरुपापासून इथवर ही कविता एकाच पायानं चालत आलीय, असं मला ठामपणे वाटतं. 1950 च्या मे महिन्यात तुरुंगातल्या नाझिम हिकमत या कवीच्या सुटकेसाठी ओर्हान आणि त्याचे कवीमित्र ओक्ताय रिफात आणि मेलिह जेवदेत असे तिघेही तीन दिवस उपाशी राहिले, तेही मला त्याच कवितेचा भाग वाटतं.

त्याच नोव्हेंबरात अंकाराच्या रस्त्यावर नगरपालिकेनं खणलेल्या खड्ड्यात तो पडला. चार दिवसांनी, 14 तारखेला, इस्तंबूलमध्ये वारला. वय 36. कोटाच्या खिशात टूथब्रश निघाला, कागदात गुंडाळलेला. त्या कागदावर अपुरी प्रेमकविता होती. मित्रांनी 1 फेब्रुवारी 1951 ला एकच अंक काढून ती छापली. अंकाचं नाव ‘सोन याप्राक’, शेवटचं पान.